अंधारातली मैफल आणि फास्ट लेन्स : एका सौद्याचा इतिहास



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, 'मैफलीतली छायाचित्रं आणि फास्ट लेन्स'. फोनवर क्षणभर शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा म्हातारा प्राध्यापक, हा ज्ञानमीमांसेवर बोलेल, फार तर सांख्यांवर, अशी त्यांची अटकळ असावी. पण झालं असं, की मध्यंतरी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा घरी आला. त्याला शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचे आहेत. त्यानं विचारलं, "सर, ५० एफ १.८ घेऊ की ८५ एफ १.४?" आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिलं, तो खूश होऊन गेला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आमच्या लक्षात आलं की आपण चुकीचं उत्तर दिलं. आकड्यांत चूक नव्हती, पण प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर समजा. ते द्यायचं तर सुमारे एकशे ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

आधी 'फास्ट' म्हणजे काय ते पाहू, कारण सगळ्यांनाच कॅमेऱ्याची ओळख असेल असं नाही. लेन्समधून प्रकाश आत यायचं एक छिद्र असतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले या छिद्राचा व्यास, म्हणजे एफ आकडा. म्हणून आकडा लहान तितकं छिद्र मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६ अशी ही पायऱ्यांची ओळ आहे, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. एफ १.४ ला जेवढा प्रकाश येतो, त्याच्या चौथा हिस्सा एफ २.८ ला. प्रकाश जास्त आला की शटर कमी वेळ उघडं ठेवून भागतं, म्हणून ती लेन्स 'फास्ट'.

पण फुकट काही मिळत नाही. छिद्र जितकं मोठं, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. ८५ मिमीची लेन्स एफ १.४ ला उघडून ३ मीटरवरच्या गायकाकडे रोखली, तर पुढून मागे जेमतेम १० सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर. तेव्हा फास्ट लेन्स हा एक सौदा आहे : प्रकाश घ्यायचा आणि खोली द्यायची. या सौद्यात पहिल्यापासून कोणी काय घेतलं आणि काय दिलं, एवढाच आजचा इतिहास.

हा इतिहास सुरू होतो व्हिएन्नामध्ये. १८३९ साली दागेरनं आपलं तंत्र जाहीर केलं, तेव्हा त्या कॅमेऱ्यावरच्या लेन्सचा एफ आकडा साधारण १५ च्या आसपास होता. भर उन्हातसुद्धा कित्येक मिनिटं लागत. इमारतीचं चित्र निघे, माणसाचं निघणं कठीण. व्हिएन्ना विद्यापीठात योझेफ पेत्सवाल नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १८४० मध्ये गणितानं, कागदावर हिशेब करून, नवी लेन्स आखली. एफ ३.६ च्या आसपासची. सैन्याच्या तोफखान्यात आकडेमोडीला सरावलेली माणसं असत, ती या हिशेबाला मदतीला दिली गेली, असं सांगतात. फोइग्टलेंडर या कारखान्यानं ती बनवली. १५ वरून ३.६ वर येणं म्हणजे सतरा पटींच्या आसपास जास्त प्रकाश. आता माणसाला खुर्चीवर बसवून त्याचा चेहरा घेता येऊ लागला.

या लेन्सचा एक दोष होता. मध्यभागी ती उत्तम, पण कडांकडे चित्र धूसर होत जाई, गरगरल्यासारखं दिसे. पेत्सवालांना हे माहीत होतं. चेहरा मध्यभागीच असणार, म्हणून चाललं. म्हणजे बघा, पहिल्याच फास्ट लेन्सनं मधल्या माणसाला उजेड दिला आणि कडेच्यांना धुकं दिलं. मात्र ते धुकं कोणाला हवं होतं असं नव्हे, नाइलाज होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढची मोठी उडी ड्रेस्डेनमध्ये. मधल्या काळात अंधाऱ्या जागी फोटो काढायचा तर मॅग्नेशियमची भुकटी पेटवत. भप्पकन उजेड, आवाज आणि वर पांढऱ्या धुराचा लोट. लग्नाच्या मांडवात हे चाललं असतं. न्यायालयात, सभेत, मैफलीत कसं चालावं? १९२४ साली एर्नेमान या ड्रेस्डेनच्या कंपनीनं एर्मानॉक्स नावाचा लहान कॅमेरा आणला. त्यावर एर्नोस्टार ही एफ २ ची लेन्स होती, आणि ती आखली होती लुडविग बेर्टेले या पंचविशीही न गाठलेल्या तरुणानं. जाहिरातीचा दावा असा, की जे डोळ्याला दिसतं ते या कॅमेऱ्याला टिपता येईल. दावा जरा चढवलेलाच होता, पण दिशा खरी होती. लेन्सनं पहिल्यांदा असं म्हटलं की तुमच्या खोलीत आहे तेवढाच उजेड मला पुरे, मी माझा उजेड आणणार नाही.

हा कॅमेरा खऱ्या अर्थानं वापरला एरिश झालोमोन यांनी. शिक्षणानं कायद्याचे पदवीधर, राहणार बर्लिनचे. १९२८ मध्ये न्यायालयात फोटोला बंदी असताना त्यांनी टोपीत कॅमेरा दडवून खटल्याचे फोटो काढले. पुढे आंतरराष्ट्रीय परिषदांत गेले. १९३० च्या हेग परिषदेत मध्यरात्रीनंतर पेंगुळलेले मंत्री त्यांनी टिपले. काचेच्या प्लेट, लहानसा स्टँड, अंगावर उत्तम सूट. त्यामुळे कोणाला वाटे हाही एक मुत्सद्दीच असेल. स्पष्टतेचा पट्टा वीतभर. फोकस चुकला की चित्र गेलं. तरी त्या फोटोंमध्ये तीन-तीन, चार-चार माणसं एकमेकांशी बोलताना दिसतात. झालोमोन माणसं एका रेषेत येण्याची वाट पाहत, म्हणून ते जमे. पट्टा अरुंद होता, पण त्यांनी माणसांची संगत सोडली नाही. हे ज्यू गृहस्थ. १९४४ मध्ये आउशवित्झला मारले गेले. दुसऱ्याच्या खोलीत आपला उजेड न लादता, अदबीनं शिरून पाहणारा हा माणूस. त्याच्या घरात दुसरे कसे शिरले, हे आपण जाणतो.

मंडळी, इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण मैफलीच्या दृष्टीनं ती एफ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. रंगमंचावरचे दिवे फोटोच्या चौकटीत सरळ येतात. लेन्स म्हणजे बऱ्याच काचा. प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावरून ४ ते ५ टक्के प्रकाश परततो. आठ पृष्ठभाग असले तर जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच गेला. पण गेलेल्याचं एवढं दुःख नाही. परतलेला प्रकाश आतल्या आत भटकतो आणि चित्रावर पांढुरका पडदा धरतो, त्याचं दुःख. पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये प्लानार नावाची सुरेख लेन्स आखली होती. या पडद्यापायी ती बरीच वर्षं मागे राहिली. बेर्टेले यांनी वेगळी युक्ती केली. १९३२ च्या त्यांच्या झोनार एफ १.५ मध्ये काचा सात, पण त्या एकमेकींना चिकटवून तीनच गट केलेले. म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. मग १९३५ मध्ये झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देण्याची रीत काढली, ज्यानं परतणारा प्रकाश फार कमी झाला. त्यालाच आपण कोटिंग म्हणतो. या कोटिंगमुळे मागे पडलेलं प्लानारचं कुळ पुन्हा उभं राहिलं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ५० मिमी फास्ट लेन्स त्याच कुळातल्या. म्हणून त्या मुलाला सांगायचं राहिलं, की जुनी लेन्स घेणार असशील तर आधी ती दिव्याकडे धरून बघ. आतल्या काचेवर बुरशीचं जाळं असेल, तर एफ आकडा कितीही लहान असो, मंचावरचा दिवा चित्र खाऊन टाकेल. आपल्या दमट हवेत हे फार होतं.

युद्धानंतर ही विद्या जपानला स्थिरावली. १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जून मिकी या जपानी छायाचित्रकारानं ८५ मिमी एफ २ च्या निक्कोर लेन्सनं काढलेला फोटो त्यांना दाखवला. लेन्सची जात बेर्टेले यांच्या झोनारचीच. डंकन थक्क झाले, आणि कोरियाच्या युद्धावर त्याच लेन्स घेऊन गेले. त्यानंतर चांगल्या फास्ट लेन्स हळूहळू सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आल्या. १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म ३५ मिमीमध्ये निघाली. लेन्स आणि फिल्म अशी जोडी जमली.

आता आपण मैफलीत जाऊ. मैफल न्यूयॉर्कची, जाझची. कारण अंधाऱ्या खोलीत वाजणाऱ्या संगीताचे फोटो कसे काढावेत, याचे तीन मार्ग तिथे फार स्वच्छ दिसतात.

पहिला मार्ग विल्यम गॉटलिब यांचा. १९४० च्या दशकात मोठा प्रेस कॅमेरा आणि फ्लॅश बल्ब घेऊन ते जात. प्रत्येक फोटोला एक बल्ब. खर्चामुळे फार थोडे फोटो काढता येत, म्हणून आधी ऐकायचं, मग नेमका क्षण पकडायचा. दुसरा मार्ग हर्मन लेनर्ड यांचा. ते तालमीच्या वेळी जात आणि आपले दोन फ्लॅश अशा जागी लावत, की तो क्लबमधल्याच दिव्यांचा उजेड वाटावा. १९४८ चा डेक्स्टर गॉर्डन यांचा सिगारेटच्या धुरातला फोटो जगभर माहीत आहे. तो धूर इतका सुंदर दिसतो तो मागून आलेल्या त्या उजेडामुळे. हा उजेड घरचाच, पण बाहेरून आणलेला.

तिसरा मार्ग रॉय डीकाराव्हा यांचा. जन्म हार्लेमचा, १९१९ चा. त्यांनी फ्लॅश बाजूला ठेवला. जो काही मिणमिणता उजेड असेल तो घेतला, हात हलला तर हललेला येऊ दिला, आणि प्रिंटही गडद, काळ्या-करड्या छटांचे काढले. अंधार ही अडचण आहे असं त्यांनी मानलंच नाही. संगीत ज्या अंधारात जन्मतं तो अंधारही त्या संगीताचा भाग आहे, असं त्यांचे फोटो पाहताना वाटतं.

आमचा कल अर्थातच तिसऱ्या मार्गाकडे. आमच्याकडच्या बैठकीत फ्लॅश म्हणजे काय, हे इथल्या जाणकारांना सांगायला नको. आलापात गायक डोळे मिटून मंद्रातल्या षड्जावर स्थिर होतोय आणि समोरून लख्ख उजेड. एकदा आम्ही स्वतः पाहिलंय, गायकानं डोळे उघडले, काही बोलले नाहीत, पण पुढची दहा मिनिटं राग परत बसला नाही. फ्लॅश वापरणारा माणूस ऐकत नसतो, तो ऐकणाऱ्यांच्या मधे उभा असतो. फास्ट लेन्सचं पहिलं नैतिक मोल हे, की ती छायाचित्रकाराला श्रोत्यांत बसवते. इथपर्यंत आम्ही त्या मुलाला बरोबरच सांगितलं होतं.

पण गाडी इथे थांबली नाही. १९६० नंतर आकड्यांची शर्यत लागली. १९६१ मध्ये कॅननची ५० मिमी एफ ०.९५. १९६६ मध्ये लायकाची नॉक्टिलक्स एफ १.२, जिच्या काचेचा विशिष्ट आकार घासून काढणं एवढं कष्टाचं होतं की किंमत आभाळाला भिडली. त्याच वर्षीची झाइसची प्लानार एफ ०.७, नासाच्या चांद्रमोहिमांसाठी केलेली. तिच्या मोजक्या नगांपैकी काही स्टॅन्ली कुब्रिक यांनी घेतले आणि 'बॅरी लिंडन' या १९७५ च्या चित्रपटात मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्यं टिपली. ती दृश्यं तुम्ही पाहिली असतील तर आठवून बघा : माणसं फारशी हलत नाहीत. हलली की धूसर होणार. चित्राला उजेड मिळाला, पण त्याची किंमत नटांनी स्थिर बसून चुकवली.

आणि आता आमची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

ऐंशीच्या दशकात सांगलीला एका स्नेह्यांच्या वाड्यात बैठक होती. सोप्यात जाजम, भिंतीला दोन बल्ब, मिरजेचे दोन तानपुरे लागलेले. बुजुर्ग गायक, तबला, पेटी, आणि गायकामागे हातभर अंतर सोडून तानपुऱ्यावर त्यांची शिष्या. विशीची असेल. त्या काळी परदेशी फिल्म सहज मिळत नसे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म आम्हाला मिळे आणि परवडे. पण त्या रात्रीसाठी कोणाकडून तरी ४०० स्पीडचा एक परदेशी रोल मिळवला होता. शिवाय एका मित्राची ८५ मिमी एफ १.८ मागून आणली होती. तिची आम्हाला कोण नवलाई! गायकांपासून अडीच मीटरवर बसलो आणि लेन्स पूर्ण उघडून अकरा फोटो काढले. फोटो छान आले. डोळे मिटलेला चेहरा, कपाळावरची शीर, उचललेला हात, मागे सगळं मऊ, विरघळलेलं. ज्यानं पाहिले त्यानं वाखाणले. एक मोठा करून अभ्यासिकेत लावला, कित्येक वर्षं होता.

वीस-बावीस वर्षांनी एक गृहस्थ घरी आले. ती शिष्या त्यांची बहीण. ती मोठी गायिका झाली नव्हती. शाळेत गाणं शिकवत असे, आजारानं नुकतीच गेली होती. ते म्हणाले, "ताईचा तानपुऱ्यावर बसलेला एकही फोटो घरात नाही. सांगलीच्या त्या बैठकीत तुम्ही फोटो काढत होता, असं ती सांगायची." आम्ही मोठ्या उत्साहानं निगेटिव्ह काढल्या, भिंगाखाली धरल्या. अकरापैकी सात फोटोंत ती होती. सातही ठिकाणी चेहरा म्हणजे एक फिकट गोल, त्यात डोळे-नाक एकमेकांत मिसळलेले. बाजूला भोपळ्याचा आकार.

हिशेब नंतर केला. अडीच मीटरवर एफ १.८ ला ८५ मिमीचा स्पष्ट पट्टा जेमतेम ९ सेंटिमीटर. ती गायकांच्या मागे मीटरभर. म्हणजे ती येणारच नव्हती. मनाची समजूत घालायला आम्ही म्हटलं, अंधार होता, तंत्राची मर्यादा होती. पण त्या रात्री आमच्या पिशवीत ३५ मिमी एफ २.८ ची लेन्स होती. त्याच जागेवरून, त्या लेन्सनं, तीन मीटरवर फोकस ठेवला असता, तर अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत सगळं स्पष्ट आलं असतं. गायक, तबला, पेटी आणि ती. उजेड लागला असता अडीच पट. म्हणजे शटर १२५ वरून ६० वर आणायचं आणि फिल्म थोडी पुश करायची, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. हे दोन्ही आम्हाला येत होतं. तेव्हा मर्यादा तंत्राची नव्हती. आम्हाला गायकाचा चेहरा हवा होता, आणि बाकीचं विरघळायला हवं होतं.

त्या गृहस्थांनी त्यातलाच एक फोटो मागितला. "बसायची ढब तिचीच आहे," म्हणाले.

तानपुरा वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत बहुधा नसतं. पण गायक ज्या षड्जावर उभा असतो, तो षड्ज सबंध बैठकभर तीच व्यक्ती सांभाळते. तो सूर थांबला तर श्रोत्यांना क्षणात कळतं. मग जो फोटो सांगतो की इथे एकच माणूस गात होता आणि भोवती सुंदर धुकं होतं, तो फोटो खरा कसा? आमच्या शास्त्रात प्रमाण म्हणजे काय यावर आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं. आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर एक अर्धसत्य टांगून ठेवलं होतं!

पुढचा इतिहास या उजेडात पाहा. मागच्या धूसरपणाला जपानीत 'बोके' म्हणतात. इंग्रजी छायाचित्रकारांत हा शब्द रुळला तो १९९७ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकानं त्यावर लेख छापल्यानंतर. त्याआधीचा छायाचित्रकार धूसरपणा बघत नव्हता असं नाही, पण त्याला तो प्रकाशाची किंमत म्हणूनच ओळखत असे. आता किंमतच माल झाली. २०१३ मध्ये पेत्सवालांची लेन्स नव्यानं बनवून विकायला आली, आणि विकली गेली ती कशासाठी? कडेच्या गरगरणाऱ्या धूसरतेसाठी. त्या व्हिएन्नाच्या प्राध्यापकांचा नाइलाज, पावणेदोनशे वर्षांनी हौस म्हणून विकत मिळू लागला.

गंमत अशी, की याच काळात ती किंमत मोजायची गरज संपत आली होती. २००७ मध्ये निकॉनचा डी३ आला, ज्यात आयएसओ ६४०० ला कामाचं चित्र मिळू लागलं. ४०० च्या फिल्मपेक्षा चार पायऱ्या वर, म्हणजे सोळा पट. पुढे कॅमेरे आणखी सुधारले. लेन्सच्या आतला स्टॅबिलायझर कॅननं १९९५ मध्येच आणला होता. अर्थात तो आपला हात सावरतो, तबलजीची बोटं थांबवत नाही. तेव्हा प्रश्न असा, की ही सोळा पट कमाई आपण कशावर खर्च करतो? आणखी अंधारात, आणखी एका चेहऱ्यावर? की मागे बसलेल्यांना परत आणण्यावर?

आता त्या मुलाला उत्तर.

बाळा, आकडा नंतर बघ, आधी तुझी जागा सांग. बैठकीत अगदी पुढे बसायला मिळत असेल तर ३५ मिमी घे, एफ २ किंवा १.८ ची, आणि ती २.८ वर ठेवून वापर. सभागृहात चौथ्या-पाचव्या रांगेत, मंचापासून सहा मीटरवर असशील तर ८५ मिमी एफ १.८ उत्तम. १.४ साठी जास्तीचे पैसे आणि वजन सोसायची मला तरी निकड दिसत नाही. तिथून ८५ मिमीच्या चौकटीत साधारण अडीच मीटर रुंदी मावते, म्हणजे गायक, तबला, पेटी, तानपुरे सगळे. एफ ४ वर खोली मिळते सव्वा मीटरच्या आसपास. सगळी बैठक त्यात बसते. आमच्या सांगलीच्या उजेडात याला ४०० च्या जागी २००० चा आयएसओ लागला असता. आजच्या कॅमेऱ्याला ते सहज आहे. आणि सवाई गंधर्व महोत्सवासारखा मोठा मांडव असेल, तू लांब असशील, तर ७० ते २०० ची एफ २.८ झूम, जड असते, पण तिथे तिला पर्याय कमी.

लेन्स एफ १.८ ची घे, कारण एखाद्या खेडेगावातल्या देवळात एकाच बल्बखाली भजन चाललेलं असेल, तेव्हा ती शेवटची पायरी तुला लागेल. ती गरजेला आहे. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापर, पण एलईडी दिव्यांत त्यानं चित्रावर पट्टे येतात, म्हणून आधी एक फोटो काढून तपास. फ्लॅश घरी ठेव. पहिला आलाप होईपर्यंत कॅमेरा मांडीवरच असू दे. गायकाच्या चेहऱ्याचे फोटो जरूर काढ, पूर्ण उघड्या लेन्सनं काढ, त्याला आमची ना नाही. चेहऱ्यावरचं गाणं हेही गाणंच. पण प्रत्येक मैफलीत एक तरी फोटो असा काढ, की ज्यात तिथे बसून वाजवणारा प्रत्येक माणूस त्याच्या घरच्यांना ओळखू येईल. त्यासाठी लेन्स दोन पायऱ्या बंद करावी लागेल, एवढंच.

अभ्यासिकेतला तो फोटो आम्ही उतरवला नाही. त्याच्या खाली कागदाची एक पट्टी लावली आहे, आणि तिच्यावर चौघांची नावं आहेत. गायकाचं, तबलजींचं, पेटीवाल्यांचं आणि तानपुऱ्यावर बसलेल्या त्या मुलीचं. तिचं नाव आम्हाला तिच्या भावाला विचारावं लागलं होतं.